डावीकडची ओढ

उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रीनं पिकपचं तोंड
जॅकवर उचललं, खाली लाकडी ठोकळा सारला
आणि डावं चाक वर-खाली धरून हलवलं.
खट.
पुन्हा हलवलं. खट.
माझ्याकडं न बघताच म्हणाला,
"हे आजचं न्हवं, मालक."

टायर आतल्या अंगानं खाल्लेला,
एकाच बाजूला टाच झिजवणाऱ्याच्या पायताणासारखा.
पोरानं नट सोडले, ड्रम काढला.
किंगपिन मात्र हलेना.
रॉकेल पाजलं, चहा झाला, घण झाला,
शेवटी गॅसची निळी जीभ लावली
तेव्हा जळक्या गंजाचा वास सोडत
एक इंच खाली आली, मग अर्धा,
मग सगळीच, माझ्या हातातल्या फडक्यात.

"नख फिरवा."
फिरवलं. एका जागी अडकलं.
एवढासा खड्डा, ज्वारीचा दाणा बसेल न बसेल.
बुश नुसतं नावाला, पत्र्यागत.
पाट्यांतलं दुसरं पान मधोमध तडकलेलं,
तड्यात जुनी माती,
म्हणजे तडाही जुना.

सर्जेराव अकरा वर्षं सांगत होता,
"शेठ, गाडी डावीकडं ओढती."
मी म्हणायचो, हवा बघ.
हवा बघितली की म्हणायचो, आपले रस्तेच
डाव्या अंगाला उतरते, गाडी काय करणार.
पुढं पुढं म्हणायला लागलो,
रात्री काय घेतोस ते बघ.
दुकानातली पोरं हसायची.
मीही.

कळ्याच्या अलीकडं गाडी उसात शिरली
त्या दिवशी मागं सहा काचा होत्या, बारा एमएमच्या,
गगनबावड्याच्या एका हॉटेलासाठी.
रानाचा मालक पुढं महिनाभर
बूट घातल्याशिवाय सरीत उतरला नाही.
सर्जेरावच्या तोंडाचा वास मी स्वतः घेतला,
चारचौघांत.
वास तंबाखूचा होता. चुन्याचा.
तरी हिशेब मांडला: सहा काचा, बारा हप्ते.
तिसऱ्या हप्त्याला तो आलाच नाही.

यल्लाप्पाच्या लेथवर नव्या बुशात रीमर फिरवला.
ढिलं नको, घट्टही नको,
पिन अंगठ्यानं दाबली की
लोण्यातनं गेल्यागत गेली पाहिजे.
तीनदा घालून काढून बघितली त्यानं.
पान बदललं, शॅकलचे रबर बदलले,
निपलातनं ग्रीस मारलं:
आधी काळं आलं, मग करडं, मग पिवळं.
बिल झालं
सहा काचांच्या निम्म्याहून कमी.

जुनी पिन भंगारात टाकू दिली नाही.
खिशात घालून कागलला गेलो,
तो तिथं वजनकाट्यावर पावत्या फाडतो.
पिन टेबलावर ठेवली.
त्यानं पावती पुरी केली,
ट्रकवाल्याला सुट्टे मोजून दिले,
मग उचलली. नख फिरवलं.
शिव्या देईल वाटलं होतं,
मी त्या तयारीनंच गेलो होतो.
"हिला ग्रीस कुणी मारलंच न्हाई की,"
एवढंच म्हणाला, पिनेशीच बोलल्यागत.

चावी दिली. हायवेला काढली त्यानं.
साठावर गेली
आणि गाडी उजवीकडं सरकायला लागली.
थोडीच. पांढऱ्या पट्ट्याकडं.
मी मिस्त्रीच्या नावानं तोंड उघडणार
इतक्यात त्याचे हात दिसले.
अकरा वर्षं एक ओढ परतवणारे,
अजून स्टिअरिंग उजवीकडं दाबून धरलेले.
त्यालाही तेव्हाच कळलं.
"गाडी सरळ हाय," तो म्हणाला,
आणि एकेक बोट सैल करत गेला,
कुणावर तरी रागावल्यासारखा.