पोचा

तांबट आळीत आता तीनच ऐरणी वाजतात.
त्यातली एक माझी, तीही दुपारी झोपते.
घागरी प्लॅस्टिकच्या झाल्या, बंब गिझरने खाल्ले,
रामकुंडावरून येणारे एवढासा गडू घेतात
आणि त्यातही घासाघीस.

अशात प्रचिती खैरनार आली.
सातपूरला व्हॉल्व्हच्या कारखान्यात तपासनीस, रात्रपाळी.
स्कूटरच्या पायाशी उभा धरून आणलेला पोलादी पत्रा, दोन मिलीचा.
"काका, टोप करायचाय. डोक्यात कुऱ्हाड बसली तरी
आत मी शाबूत राहिले पाहिजे."
मी विचारलं, कुठल्या नाटकात?
"नाटक नाही. खरंच मारतात."

शस्त्रं बोथट असतात म्हणे, हात नसतात.
तीन जणी इकडून, तीन तिकडून,
जी जमिनीला टेकली ती बाद.
साज कुठल्यातरी थंड मुलखातला, सहाशे वर्षांपूर्वीचा,
आणि घडण तेव्हाचीच हवी, असा नियम.
मोबाइलवर चित्र दाखवलं: पुढे चोच, चोचीला भोकं.
मला ती चहाची किटली वाटली. बोललो नाही.

तिने व्हर्नियर काढला, मी सुतळी.
कपाळाभोवती एक गाठ, हनुवटीखालून टाळूपर्यंत दुसरी.
पन्नास वर्षांत एकाही हंड्याने
मान तिरकी करून विचारलं नव्हतं,
"गुदगुल्या होतायत, हसू का?"

तांबं ऐकतं. पोलाद वाद घालतं.
लाल करा, पाच ठोके, की परत काळं.
खरवईवर फिरवत फिरवत नऊ दिवस.
घागरीचा गळा आत घेतो तसाच मानेपाशी आत घेतला,
हाताला दुसरं येतंय कुठे.
शेजारचा वडनेरे डोकावून गेला:
"तात्या, बूड वर केलंत, आणि तोंडाला झाकण?"

आतली जाड बंडी कुमुदने शिवली,
सतरंजीच्या सुईने, जुन्या लुगड्यांचे सात थर.
"गोधडीच की," म्हणाली,
"फक्त हिच्यात झोपायचं नाही."

मार्गशीर्षातला रविवार. गंगापूर रोड, शाळेचं मैदान,
लाकडी कठडा, वडापावची गाडी.
नगरहून आलेल्या एका उंच मुलीचा पहिला घाव बसला
आणि मी उठून उभा राहिलो.
माझ्या घडीव वस्तूवर दुसऱ्या कुणाचा ठोका
आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो,
आणि तो चुकत होता. कानाच्या कडेला पडत होता,
जिथे वळवताना पत्रा ओढला गेला होता, पातळ झाला होता.
ते मैदानात मला एकट्याला माहीत.
कठडा धरून मी त्या नगरच्या मुलीला मनात विनवत होतो,
वर मार गं बये, टाळूवर मार,
तिथे जाड आहे.

सोमवारी टोप घेऊन आली.
डाव्या कानावर पोचा, वाटीएवढा.

पूर्वी बायका भांडी आणायच्या तेव्हा सांगायच्या:
हातातून निसटलं. पोरानं आपटलं. मांजर.
पोचा नीट पाहिला की कळायचं
भांडं पडलंय की कुणी फेकलंय,
आणि भिंत लागलीय की आणखी काही.
मी पोचा काढायचो. बारा आणे. विचारायचो नाही.

ही म्हणाली, "तिने मारलं.
मी पडले नाही."

मोगरीने आतून सावकाश वर आणला.
अस्तरात एक लांब केस अडकला होता, तो तसाच ठेवला.
"कान वाजतो का?"
"दोन दिवस वाजला. आता थांबला."
माझा पंचाहत्तर सालापासून वाजतोय,
हे काही मी सांगितलं नाही.
कापसाचे दोन बोळे करून दिले, पुढच्या वेळी घाल म्हटलं.

गेली. बोळे ऐरणीवरच.

एक उचलून मी कानात घातला
आणि गडूचं बूड मठारायला घेतलं.
हातोडा लांबून ऐकू येत होता,
पलीकडच्या आळीत
कुणीतरी नवं दुकान टाकल्यासारखा.