हिशेबबाह्य पाणी

नाशिकहून आलेल्या पोरीच्या हातात टॅब आहे,
पावसाळ्यापर्यंत आमचं शहर त्यात निळ्या रेघांचं होणार.
सध्या ते लुकमान तडवीच्या डोक्यात आहे
आणि लुकमान एकतीस मार्चला रिटायर.

म्हणून साहेबांनी मला धाडलं : लिहून घ्या.
पुढे तो, खांद्यावर चार फुटी चावी,
मागे ती पोरगी, तिच्या मागे मी,
पाणीपुरवठा विभाग, टेबल नंबर तीन.

तेली खुंट. तो ढापा सरकवतो. बावीस फेरे.
"तेविसावा देऊ नका. एका साहेबांनी दिला होता,
तीन दिवस चौकात पोरं पोहली."
ती टिपते : बावीस.
मी पोरांचं लिहितो, मग खोडतो.

भोईवाड्याची लाइन पुराच्या आधीची.
पुरानंतर भोई वर सरकले, लाइन खालीच राहिली,
म्हणून तिथं पाणी अजून चढ चढून येतं, दमलेलं.
वाचनालयाला अर्धा इंच. पुरतो.
पिणारे दोघंच, ग्रंथपाल
आणि रोज तोच पेपर दोनदा वाचणारे झवर मास्तर.
गुजर गल्लीतला नळ बिडाचा, जिनवाल्या शेठनं टाकलेला, युद्धाच्या साली.
कुठल्या युद्धाच्या, पोरगी विचारते.
"ज्यात कापूस महागला, त्या."

ओट्यावर बिबडे वाळत घालणारी एक म्हातारी
हात न थांबवता विचारते, "पानी कव्हय ई रे लुकमान?"
"परवा, माय. चारला."
आमच्याकडे पाणी आठव्या दिवशी.
साखरपुडा धरायचा तर पाण्याच्या दुसऱ्या दिवशी,
पाहुणे बोलवायचे तर त्याच्याही आधी विचारून.
मयत तेवढं विचारून होत नाही.

"मग?" पोरगी म्हणते.
लुकमान चावी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतो.
"मग फोन येतो. दहा मिनिटं सोडतो त्या गल्लीला."
"कुठल्या रजिस्टरला?"
तो माझ्याकडे बघतो.

माझा बाप गेला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते,
पाण्याला अजून पाच दिवस होते
आणि मोरीतला नळ खाकरून वाहू लागला.
मोठी काकू म्हणाली, देवाला काळजी.
मीही तेच धरून बसलो, एकोणीस वर्षं.
टेबल नंबर तीनवर दर मार्चला मी स्वतः भरतो तो रकाना :
हिशेबबाह्य पाणी, अडतीस टक्के.
कारण : जुन्या वाहिन्या, गळती.

शेवटचा व्हॉल्व्ह जुन्या जिनच्या मागे.
काटेरी बाभळी, एक मोडका वजनकाटा,
चाळीच्या जागी नुसते जोत्याचे दगड.
जिन बंद पडली, चाळ सुरतेला गेली.
टॅबमध्ये पर्याय दोनच. ती विचारते, बंद लिहू?
"चालू लिहा."
"पण पुढं नळच नाहीत."
"नाहीत."
तो चावी बसवतो. करकरत नाही, तेल दिलेलं आहे.
"आखाजीच्या आदल्या रात्री सोडतो थोडं. सोळा फेरे.
घागर भरायला इथं कोणी राहिलं नाही,
पण बारा खोल्यांतून माणसं गेलेली आहेत, मोजून.
सात नंबर आमची."

पोरगी बराच वेळ बोट काचेवर धरून उभी राहिली.
मग तिनं काय दाबलं ते मी पाहिलं नाही.

एकतीसला नारळ, शाल, भरीत-पुरीचं जेवण,
नगराध्यक्षांनी त्याचं आडनाव चुकवलं.
आखाजी यंदा एप्रिलात.
वहीच्या मागच्या पानावर, पेन्सिलीनं, मी लिहून ठेवलंय :
जुनी जिन, सोळा.
चावी पंपहाउसच्या दाराआड उभी असते.
दाराला कुलूप आहे, पण कडी हलवली की निघते.