पाण्याचा पाइप, अर्धा मिलिमीटर

दिवसभर मी जळालेल्या मोटारी भरतो.
ताडकळसच्या, चुडाव्याच्या, कुठकुठल्या बोअरच्या मोटारी
दुकानात आडव्या पडलेल्या, पोट उघडं टाकून,
आणि जळक्या वार्निशचा वास
शर्टाला, डब्यातल्या भाकरीलासुद्धा.

रात्री शटर अर्धं ओढून
त्याच टेबलावर मी पूर्णा स्टेशन मांडतो.
मीटरगेजचं. आता नसलेलं.
सत्त्याऐंशी पट लहान.

फलाट झाला. सिग्नल झाला.
काडेपेटीच्या काड्यांचे बाक झाले.
डब्यांत पाणी भरायच्या पाइपांनी मात्र अडवलं.

तुम्ही म्हणाल, काळा दोरा घे आणि टाक.
टाकला.
तो हवेत कमान करून उभा राहिला,
जमिनीला टेकायलाच तयार नाही.
लहान होताना वस्तूचं वजन
वस्तूच्याही आधी संपतं,
मग जमीन तिला ओळख देत नाही.

स्लीव्ह जाड पडली. सलाइनची नळी तर अजगर.
शेवटी सोल्डरची तार:
शिशाची, अर्धा मिलिमीटर, गरीब स्वभावाची.
वाकवली तिथं वाकते, ठेवली तिथं निजते.
चमक घालवायला दिव्याची काजळी,
वरून स्टेशनमागची खरी धूळ,
बायकोच्या ठेवणीतल्या ओढणीतून गाळलेली.
(तिला अजून सांगितलेलं नाही.)

क्लॅम्पला चाळीस गेज तांब्याचा एकच वेढा.
पाइप फुटला की त्यावर
सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलेली असायची,
तिच्यासाठी दोऱ्याचा पीळ सोडवून
त्यातला एक तंतू.
श्वास धरून गाठ मारायची.
शिंक आली की रात्र गेली.

अकरा पाइप. चाळीस दिवस.

मग मुस्तकीमचाचांना बोलावलं.
चौतीस वर्षं त्यांनी डब्यांच्या टाक्या भरल्या,
शिट्टी व्हायच्या आत.
डावा खांदा अजून जरा खाली आहे.

त्यांनी माझं भिंग घेतलं
आणि इतका वेळ बोलले नाहीत
की पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली.

"असे सरळ कामून निजवलास रे?
नवा पाइप गुंडाळीची आठवण धरून ऱ्हातो.
जुन्याला एक मोडका गुडघा असतो.
कसाबी फेक, तिथंच मुडपनार,
तिथंच पानी अडनार,
आन् आमी वरतून लाथ घालनार."

बोलता बोलता नखानं
एकेका पाइपाचा गुडघा मोडत गेले.
अकराव्यापाशी थांबले.
"हा रमाकांत वाव्हळेचा. ह्याला दोन."

जोडाखाली मी वार्निशचा थेंब ठेवला होता, ओल म्हणून.
मला त्याचा अभिमान होता.
"एवढंसंच गळायलंय? अरे,
शेरडं पानी पिऊन जायची इथं."

आणि एकदम त्यांचा हात पुढं आला.
"हा रुळावर कुनी टाकला?"

एक पाइप खरंच तीन नंबरवरून आडवा गेला होता.
मला तो तसा बरा दिसत होता.

मी म्हणालो, चाचा, गाडी यायची नाही.
इंजिनात मोटारच नाही.
तालुक्याच्या मोटारी भरता भरता
ही बोटाएवढी राहूनच गेली.

त्यांनी ऐकलं नाही. चिमटा मागितला.
हात थरथरत होता म्हणून मी मनगट धरलं,
आणि दोघांनी मिळून
पाच सेंटीमीटर पाइप
रुळावरून उचलून खडीवर ठेवला.
कपाळावर घाम आला दोघांच्याही.

"हां," म्हणाले, "आता येऊ दे."

ते गेल्यावर वहीत लिहून ठेवलं:
शेरडं. दोन काळी, एक तांबडं.
तांबड्याची मान खाली.