भिलावडोंगरीचा ओहोळ, फेब्रुवारी

नकाशावर तो तुटक निळा आहे.
तुटक म्हणजे हंगामी, असं खाली कोपऱ्यात छापलंय.
नाव नाही.
फेब्रुवारीत ओहोळ म्हणजे तीन डबकी
आणि त्यांच्यामधला अंदाज.

झिंगरू धुर्वे पुढे चालतो, खांद्यावर लाल-पांढरी पट्टी.
तेवीस वर्षं तो ती जमिनीवर उभी धरतोय,
आणि आमच्या कार्यालयाची जुनी दुर्बीण
जग उलटं दाखवते,
म्हणून माझ्या सगळ्या नोंदींत
झिंगरू आभाळाला पाय टेकवून उभा आहे.

आम्ही उगमाकडे निघालोय.
म्हणजे पाण्याच्या उलट,
आधी बेशरमाची बेटं, प्लॉटांच्या सिमेंटी खुणा,
'नागपूर अवघ्या वीस मिनिटांवर' असा गंजलेला फलक,
मग मुरूम, मग काळा दगड,
मग येनाची झाडं, मगरीच्या पाठीसारख्या सालीची.
एक पळस, अर्धाच पेटलेला.

दोन पहिल्या श्रेणीचे ओहोळ भेटले
तर पुढचा दुसऱ्या श्रेणीचा.
पण दुसऱ्याला पहिला येऊन मिळाला
तर दुसरा दुसराच राहतो.
हे मी झिंगरूला एकदा समजावून सांगितलं.
तो म्हणाला, "आमच्या घरी बी तसंच हाय,"
आणि तंबाखू मळू लागला.

वरती, धारेवर, वारा होता.
इथून पूर्वेला पडलेला थेंब
या बिननावाच्या ओहोळात, मग नाग नदीत,
नाग म्हणजे शहराच्या पोटातून,
पुलांखालून, पुलांवर नाक दाबून चाललेल्या माणसांखालून,
मग कन्हान, मग वैनगंगा.
पश्चिमेचा थेंब वेणेत, वेणेतून वर्धेत.
दीड वीत अंतरावर पडलेले दोघे
दोन वेगळ्या नद्यांची पोरं होतात
आणि पार चंद्रपूर सोडून, गडचिरोलीच्या रानात
प्राणहितेत समोरासमोर येतात.
तोवर कोण कुणाला ओळखणार?

मी धार शोधत होतो. नकाशावर ती ठळक होती.
जमिनीवर तिथे खड्डा होता,
तीन डंपर, एक जेसीबी, आणि टेकडीचा कापलेला गाल,
आतून गुलाबी.

बकऱ्या घेऊन सुगरता तिथेच बसली होती.
"काय पाहून रायले?"
"पाणी कुठे वळतं ते."
तिने काठीने दाखवलं, न उठता.
"पयले तिकडं उतरे. माया बांधाच्या खालून.
दोन वर्स झाले, आता इकडून जाते.
डोंगरी खाल्ली ना बाप्पा यायनं."
मग एका बकरीला शिवी घातली. विषय संपला.

आम्ही पट्टी लावली. पुन्हा लावली.
एकसष्ट मीटर.
वैनगंगेची एकसष्ट मीटर जमीन
वर्धेला गेली होती,
कुठल्याही दप्तरात फेरफार न होता,
तलाठ्याच्या सहीशिवाय, साक्षीदार बकऱ्या.
आणि खाली तीन डबक्यांपैकी तिसरं
का आटलं ते मला कळलं,
पण आमच्या तक्त्यात 'कारण' हा रकाना नाही.

दुपारी, डबा खाऊन झाल्यावर,
बाटलीत उरलेलं पाणी मी नव्या धारेवर ओतलं.
पोरकटपणाच. बघू म्हटलं, कुठे जातं.
झिंगरू उकिडवा बसून बघत होता,
सुगरतासुद्धा मान वळवून.

ते कुठेच गेलं नाही.
क्षणभर मुरमावर तसंच थांबलं,
काठ थरथरले,
आणि एक गडद डाग मागे ठेवून आत शिरलं.

"खाली गेलं," झिंगरू म्हणाला.
मी वहीत वेळ लिहिली: दोन वाजून दहा मिनिटं.
त्यापुढे काय लिहायचं ते सुचेना,
डागही तोवर सुकत आला होता,
एक करडी बकरी येऊन तो हुंगून गेली.