दोन बोटांची पट्टी

तुर्भ्याच्या मसाला मार्केटात, दुसऱ्या मजल्यावर,
जिथं जिन्यातच शिंका सुरू होतात,
हेमांगी घरत बिलं करतात.
मी महाप्याहून गेले होते, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात,
वहीत टिपायला : माणसं खिडक्या कशा हरवतात.

त्यांच्या पडद्यावर अकरा खिडक्या.
मी मोजल्या. त्यांनी कधी मोजल्या नव्हत्या.
ब्याडगी, गुंटूर, लवंगी, प्रत्येकीचा हिशेब निराळा,
ट्रकची पावती, जीएसटीचं पान,
आणि तळाशी मुलीच्या निकालाचं पान,
सकाळपासून नुसतं गोल गोल फिरणारं.

“कुणालाच पुरती झाकायची नाय,” त्या म्हणाल्या.
खरंच, प्रत्येक खिडकीची दोन बोटं कड
वरच्या खिडकीबाहेर उरलेली,
कपाटात घड्यांचे काठ दिसावेत तशी.
नावं त्या वाचतच नव्हत्या.
काठावर बोट, की लवंगी वर.
आमच्या प्रशिक्षणात याला पसारा म्हणतात.

त्या भाव टाकत होत्या, अठरा हजार चारशे,
बोट एंटरकडे निघालेलं,
आणि मध्येच एक चौकोन उगवला, न विचारता :
मशीन आत्ता बंद करून नवं करू का?
बोट निघालं होतं. बोटाला काय ठाऊक.
एंटर त्यानं झेलला आणि “हो” समजला.

पडदा काळा. खाली हमाल कुणाला तरी हाका मारत होता.
मशीन उठलं तेव्हा अकराच्या अकरा
डाव्या कोपऱ्यात एकीवर एक,
निकाल पुन्हा रांगेच्या शेवटी.
त्या काही बोलल्या नाहीत. रुमाल नाकाला लावला,
आणि एकेक काठ ओढून मांडायला बसल्या.
सतरा मिनिटं. घड्याळ माझ्याच हातात होतं.
वहीतल्या रकान्यात छापलेलं होतं : वापरणाऱ्याची चूक.
मी तो रकाना खोडला, पेन कागदाच्या पार गेलं.

आल्वारिस म्हणाला, सरळ चौकटी पाडू,
अर्धी-अर्धी, पाव-पाव, कुणी कुणावर चढायचं नाही.
मी खिडकीबाहेर बघितलं. म्हणजे खऱ्या.
सिडकोनं सेक्टर पाडले आखून, तरी
घणसोली गावठाणातल्या गल्ल्या
अजून आपापल्या उतारानं वळतात,
आणि तिथं कुणी हरवत नाही.
तो हसला. मग म्हणाला, महिना देतो.

महिन्याचे अडीच झाले.
नव्या खिडकीला मी उंबऱ्यावर थांबायला शिकवलं;
समोरचा माणूस टाइप करत असेल
तर तिनं खोकायचंसुद्धा नाही.
आणि झोपून उठल्यावर प्रत्येकीनं आठवायचं :
मी कुठं होते, केवढी होते,
माझ्यावर कोण होतं आणि मी कुणावर.
लिहायला सोपं. एकदा मध्यरात्री त्या सगळ्या
पडद्याबाहेर जाऊन बसल्या, अदृश्य, हजेरी मात्र पूर्ण.

मग पुन्हा तोच जिना, त्याच शिंका.
हेमांगीताईंनी मला विचारलंही नाही,
भिंतीवरचं बटण बंद केलं. पुन्हा चालू.
अकरा आल्या. काठासकट. लवंगीच्या खाली गुंटूर,
ट्रकची पावती उजवीकडे, किंचित तिरकस वाटावी अशी.
मी ताईंच्या चेहऱ्याकडे बघत होते,
त्या पडद्याकडे.

“ही इथं नव्हती.”
कुठली?
“ब्याडगी. एक बोट खाली आली.”
होय, असं कसं होईल, मी म्हणाले, आणि उघडून बघितलं.
खिडकीच्या माथ्यावरची पट्टी मी दोनदा मोजत होते,
एकदा ठेवताना, एकदा उचलताना.
रोज एक बोट. दिवाळीपर्यंत
ब्याडगी टेबलाखाली गेली असती.

त्यांनी ती उचलून जागेवर ठेवली
आणि बिल पुढे सुरू केलं.
मी वहीत लिहिलं : एक बोट.
खाली तारीख टाकणार, तेवढ्यात शिंकले.