उतारा

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, अकराच्या सुमाराला,
हर्षद चौगले अठरा इंची वूफर
पोत्यात गुंडाळून घेऊन आला, आजारी करडू आणावं तसा.
उद्यमनगरात त्या वेळेला लेथ सुरू झालेले असतात,
शेजारच्या फौंड्रीतनं वाळू जळल्याचा वास येतो,
तरी कॉइल गेल्याचं मला पोत्यातनंच कळलं.
वार्निशचा वास. गोडसर, वाईट.

"हजार वॅट लिहिलंय की यावर," तो म्हणाला,
"आणि मी हजारच दिले."

भावा, हजार म्हणजे तो किती सोसेल ते.
किती बोलेल ते पाठीमागं बारक्या अक्षरात असतं,
जिथं तुम्ही मंडळाचा स्टिकर लावलाय.
मी नखानं खरवडलं.
एक वॅट, एक मीटर, सत्त्याण्णव डेसिबल.

तुझा बाप ऊस घालतो ना कारखान्याला?
शंभर टनाला साखर किती?
"साडेबारा," तो छाती काढून म्हणाला,
जणू स्वतःच्याच अंगातनं निघते.
मग ऐक. याचा उतारा तीन.
शंभर वॅट घाल, तीन वॅट आवाज.
उरलेले सत्त्याण्णव या तांब्याच्या वेटोळ्यात
तापत बसतात.
ना चिपाड, ना मळी, ना काकवी,
नुसती धग.
(दोन्हीकडं सत्त्याण्णव आलं हा योगायोग,
त्यात अर्थ शोधू नकोस.)

आणि तांबं तापलं की अडून बसतं,
ढकलशील तितकं पुढं जात नाही.
शंभर डेसिबलचा आणला असतास
तर निम्म्या वॅटांत तेवढीच गल्ली हादरली असती.
कागदावर फरक तीनचा,
अँप्लिफायरला दुप्पट.

"मग तो चार ओहमवाला घेऊ?
त्यावर शंभर लिहिलंय, आणि स्वस्त."

तो काटा बघून घे आधी.
पावणेतीन व्होल्टच्या जरा वर लावून मोजतात ते;
आठ ओहममधनं एक वॅट जातो, चारमधनं दोन.
दोन वॅटांचं वजन, पावती एकाची.
काटामारी म्हणजे काय, हे तुला मी सांगू?

तो पहिल्यांदा हसला.
रात्रभर नाचलेले डोळे, कानाच्या पाळीवर गुलाल.

दस्तगीर उस्ताद मागं स्टुलावर होते.
चाळीस वर्षं कोन चिकटवताना डावा कान गेला,
उजव्याला हाक मारावी लागते, तीही दोनदा.
न विचारता त्यांनी वूफर मांडीवर ओढला,
दोन अंगठे कागदावर टेकले,
हळूच आत दाबला, सोडला,
परत दाबला.
आम्हा दोघांना काहीच ऐकू आलं नाही.
"घासतंय," ते म्हणाले. "चुंबक सरकलंय.
कॉइल नवी घातलीस तर दसऱ्यापर्यंत जळंल."

मी बिलावर 'कॉइल' लिहिलं होतं. खोडलं.

संध्याकाळी लेथ थांबले.
फळीवरचा जुना स्पीकर उस्तादांनी खाली घेतला,
बंद पडलेल्या टॉकीजच्या पडद्यामागनं
कधीकाळी उतरवून आणलेला,
पिवळा कागद, कडेला दोन ठिगळं.
एकशे दोनचा. दहाचा उतारा.
त्याला माझ्या खिशातल्या रेडिओची वायर जोडली.
अर्धा वॅट असेल, नसेल.

समोरच्या गाड्यावरनं चहावाला ओरडला,
"ओ, जरा बारीक करा की!"

उस्तादांना ते ऐकू गेलं नाही.
कोनाच्या कडेवर तळहात ठेवून
ते बाजारभाव ऐकत होते, मान तिरकी.
गुळाचा भाव मी हातवारे करून सांगणार,
तोवर त्यांनी
नाक मुरडलं होतं.