कारण: वास

फाटकाशी गुणवंता मेश्रामचा पत्र्याचा डबा.
त्यात आगपेट्या, लायटर, कानामागून काढलेल्या बिड्या,
आणि रोज सव्वासातला
त्याच्यापुढे उघडलेली माझी पर्स.
पहिल्या वर्षी तो लाजायचा, "बाई, तुमची काहाले?"
आता लाजत नाही.
ही माझी कमाई म्हटलं
तर सीए ताळेबंदात शोधत बसतो.

वडकी रोडची जिनिंग, चोवीस रोलर.
इस्राईल फिटर म्हणतो, कापूस म्हणजे पांढरं पेट्रोल,
आणि बेअरिंगला उलटा हात लावून बघतो
लेकराचा ताप बघावा तसा.
विमावाला फक्त बादल्या मोजून गेला.
रेतीच्या सोळा.
एकीत मांजर व्याली होती, तीही मोजली.

डिसेंबरातला मंगळवार,
वजनकाट्यापासून नाल्यापर्यंत एकोणचाळीस गाड्या,
आणि कौसल्या उईकेने
कोणाला न विचारता
लाल बटण दाबलं.

इतकं सामसूम की ढिगावरून सरकी घसरलेली ऐकू आली.
"बाई, वास येऊन रायला."
कसला?
"जयल्यावानी."

रोलर उघडले, डक्ट उघडली,
सहा गाठींचे पट्टे कापून आत कोपरापर्यंत हात घातले.
थंडगार.
दोन तास दहा मिनिटं.
बाहेर हॉर्न, आणि कोणीतरी ओरडलं,
बाईच्या हाती मिल दिली की असंच.
कोणत्या बाईच्या, ते बोलला नाही.

कौसल्या पदराचं टोक चावत उभी.
सगळे माझ्या तोंडाकडे.
राग आला होता, खोटं कशाला बोलू.
तासाला किती गाठी, गाठीमागे किती,
आकडा जिभेवर आलेला
गिळला.
रजिस्टर मागवलं.
कारण: वास.
सापडलं: काही नाही.
बंद करणार: क. उईके.
शेरा: बरोबर केलं.
खाली सही, आणि मग चहा,
नाल्याजवळच्या शेवटच्या गाडीपर्यंत.

फेब्रुवारीत रात्रपाळीच्या एका पोट्ट्याने
(मस्टरवर अजून आडनावही चढलं नव्हतं)
तेच बटण दाबलं.
सातव्या रोलरखाली खिळा,
भोवती मुठीएवढा काळा कापूस, धुमसत.
मी घरी झोपले होते.

सकाळी फाटकाशी पर्स उघडली.
गुणवंता म्हणाला, "रात्री झालं थोडंसं. इझलं."
लिहिलं?
"लिवलं ना."

मग एकटीच बादल्या मोजत गेले.
मांजर पिलं घेऊन कधीच गेली होती.
ती सोळावी
मी माझ्या हाताने रेतीने भरली.